पिगटेल साफ आहे ना?

(तळघराचा जिना, मग बॉयलर)

न्यू जर्सीतली ही शंभर वर्षं जुनी घरं, आपल्यापैकीही काहींनी घेतलीत. वर खोल्यांमध्ये लोखंडी रेडिएटर, खाली तळघरात वाफेचा बॉयलर. घर गरम करायला वाफेचं प्रेशर लागतं दोन पीएसआयच्या (दर चौरस इंचावर दोन पौंड दाब) आत, आणि बॉयलरवरचं हे गेज बघा, शून्य ते तीस! दीड आणि दोनमधला फरक यावर दिसणार कसा? तरी ते काढायचं नाही, नियमाने ते हवंच, आपण त्याच्या जोडीला शून्य ते तीनचं छोटं गेज लावतोय.

(नळीचा क्लोजअप)

ही पिगटेल, बॉयलर आणि गेज यांच्यामधली वेढा असलेली पाव इंची नळी. तिच्या वेढ्यात पाणी साचून राहतं, वाफ त्या पाण्याला ढकलते, म्हणजे प्रेशर पुढे पोचतं पण गरम वाफ गेजला आणि बर्नर बंद करणाऱ्या प्रेशरट्रॉलला शिवत नाही. म्हणून बसवायच्या आधीच पाणी भरायचं, बघा, हळूहळू ओततोय, वेढा भरला की बस. वाफेचं पाणी आपोआप होईलच म्हणून लोक ही पायरी गाळतात, होतं खरं, पण तोवर पहिला तडाखा बसून गेलेला असतो.

(जुनी नळी वर्तमानपत्रावर आपटताना)

आणि ही जुनी. बॉयलर बंद, पार गार, वीज तोडलेली, मगच खोललीये. काळा चिखल निघतोय बघा, गंज आणि गाळ, तार घातली तर अर्ध्यातच अडकली! अशी तुंबलेली नळी असली की प्रेशरट्रॉलला प्रेशर कळतच नाही, आणि त्याच नळीवरचं गेजसुद्धा शून्यच दाखवतं. बर्नर चालूच राहतो, शेवटी पंधरा पीएसआयवर सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो तेवढाच आधार. बॉयलर फुटला तर काय होतं बघा: १९०५ साली मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टनच्या बुटांच्या कारखान्यात बॉयलर फुटून ५८ माणसं गेली, हा त्याचा फोटो.

(पुन्हा हात, पाने, टी)

नळीइतकंच ती जिथे बसते ते बॉयलरचं भोकही तारेने मोकळं करायचं, तिथेच जास्त साचतं. नवी नळी पितळी घेतलीये, गंजत नाही. टेफ्लॉन टेप लावताना पहिले एक-दोन आटे मोकळे सोडलेत, नाहीतर टेपचा तुकडा सुटून आतच अडकतो. वर टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, एका बाजूला प्रेशरट्रॉल, दुसऱ्या बाजूला छोटं गेज, आणि फक्त गेजच्या वाटेवर छोटा बॉल व्हॉल्व्ह, प्रेशरट्रॉलच्या वाटेवर व्हॉल्व्ह कधीच नाही, कोणी चुकून बंद केला तर तोच घोटाळा. आवळताना एक पाना नळीवर, एक टीवर, नळी पिळली जायला नको. प्रेशरट्रॉल जुना पाऱ्याचा असेल तर वेढा त्याला काटकोनात ठेवा, कारण तापल्यावर वेढा जरासा उघडतो, प्रेशरट्रॉल कलतो आणि पारा सरकून सेटिंग बदलतं.

(छोट्या गेजची सुई)

प्रेशरट्रॉल बर्नर अर्ध्या पीएसआयवर चालू करतो, फरक एकचा, म्हणजे दीडला बंद. सुई चढतेय... दीड, आणि बर्नर बंद झाला. ही नळी दरवर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी खोलून धुवायची. सुई दोनच्या पुढे गेली आणि बर्नर चालूच असेल तर स्विच पाडा आणि टेक्निशियनला बोलवा, त्या रात्री घर गार राहिलं तरी चालेल.