आजाऱ्याच्या उशाशी

फादर, सिस्टर आणि जमलेले सगळे, जय ख्रिस्त!

पत्रिकेत विषय छापलाय 'दैवी करुणा आणि मानवी दुःख'. पोलंडच्या संत फॉस्तिनाबद्दल आणि तिच्या दर्शनावरून काढलेल्या येशूच्या चित्रातल्या दोन किरणांबद्दल बोलायचं मी कबूल केलंय, आणि ते बोलणार आहेच. पण त्याआधी, कित्येक वर्षं मनात साठलेली एक गोष्ट आज इथे दादरला आपल्या माणसांसमोर मांडू द्या. आजाऱ्याला भेटायला जाऊन आपण त्याच्याशी काय बोलतो, त्याबद्दलची.

माझी मावशी उत्तनची. कोळीवाड्यात बोंबील सुकवण्यात तिचं आयुष्य गेलं. परळला कॅन्सरचे उपचार सुरू झाले तेव्हा ती आमच्याकडे राहायला आली. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला माणसं येतात, ही आपली मोठी श्रीमंती. शहाळी यायची, मोसंबी यायची, फ्रान्समधल्या लूर्द तीर्थाचं पाणी यायचं. आमच्या फ्रिजमध्ये साध्या पाण्याला जागा उरली नव्हती. हसताय, म्हणजे तुमच्याही घरी तेच आहे!

एक दिवस एक गृहस्थ आले. प्रार्थना चालवणारे, बायबलची वचनं तोंडपाठ. मावशीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली आणि मग विचारलं, "बाय, घरात कुणाचा नवस फेडायचा राह्यलाय का? एखादं पाप कुमसारात, फादरपुढे, सांगायचं राह्यलंय का? त्याशिवाय असं दुखणं मागे लागत नाही."

ते चहा घेऊन गेले आणि मावशीचं जेवण तुटलं. रात्री मला उठवून ती एकेक पाप आठवून सांगायची. लहानपणी शेजारणीच्या वाळवणातले चार बोंबील उचलले होते. एकदा सासूला उलट बोलली होती. भर पावसात एका रविवारी चर्चमधली मिस्सा चुकवली होती. सत्तरीची बाई, औषधांनी तोंड सोललेलं, घोटभर पाणी गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, आणि ती हिशोब करत बसलेली की यातल्या कुठल्या पापासाठी देवाने हे पाठवलं असेल. बोंबील चार होते की पाच, हे आठवत नाही म्हणून ती रडली आहे.

मला त्या गृहस्थांचा राग आजही आहे. माणूस दुष्ट नव्हता, मावशी बरी व्हावी असंच त्याला वाटत होतं. पण तो तिच्या उशाशी देवाच्या जागी फौजदार बसवून गेला. आणि तोही बायबल हातात धरून!

त्याच बायबलात, निर्दोष असूनही दुःखं कोसळलेल्या ईयोबाचे तीन मित्र आहेत. ते आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. तेवढे सात दिवस त्यांच्यासारखे मित्र नाहीत. नंतर त्यांनी तोंड उघडलं, ईयोबाला त्याचा अपराध समजावून सांगू लागले, आणि शेवटी देवाचा राग झाला तो ईयोबावर नव्हे, या तिघांवर.

जन्मांध माणूस दिसल्यावर शिष्यांनी विचारलं, गुरुजी, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हाही त्याने तेच विचारलं: ही अठरा माणसं यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही. आपल्या मुंबईत पावसाळ्यात जुनी इमारत कोसळते, तेव्हा हे वाक्य आठवत जा. पुढे तो पश्चात्तापाचं बोलतो हे मला माहीत आहे, नंतर कुणी विचारायला नको. पण ते तो समोर जिवंत उभ्या असलेल्यांना सांगतो. मेलेल्यांवर ठपका ठेवत नाही.

मावशीला यातून सोडवलं एका म्हाताऱ्या सिस्टरने. तिने काही समजावलं नाही. कोमट पाणी मागितलं, मावशीचे पाय धुतले, नखं कापली, भेगांना खोबरेल चोळलं. मावशीने तिलाही बोंबलांचं सांगितलं. सिस्टर म्हणाली, "ते देवाने केव्हाच माफ केलंय हो. आज काय खाल ते सांगा." मावशी म्हणाली, "पेज." आणि वाटीभर जेवली.

वांद्र्याला माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन आहे, १९८६ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं हॉस्पिस. जिथे डॉक्टरांचे उपाय संपतात, त्या कॅन्सररुग्णांना तिथे विनामूल्य ठेवून घेतात. वेदना कमी करायची, जखम स्वच्छ ठेवायची, जवळ बसायचं. किंवा माहीमच्या चर्चला बघा. १९४८ पासून बुधवारची नोव्हेना, मारियामातेची प्रार्थना, चालू आहे. कुणी नवसाचा मेणाचा पाय घेऊन येतो, कुणी मेणाचं घर. निम्मे लोक आपल्या धर्माचे नसतात. तुझ्या पायाला हे कशाने झालं, असं मारियामाता कुणाला विचारत नाही.

चिठ्ठी आली. सात मिनिटं उरली आहेत म्हणे, नंतर सभागृहात लग्नाची सजावट लागायची आहे. नवरा-नवरीला उशीर नको. भरभर सांगते.

फॉस्तिना १९०५ साली पोलंडमध्ये गरीब शेतकऱ्याच्या घरी जन्मली. शाळा जेमतेम तीन वर्षं. मठात स्वयंपाक, बाग आणि दाराची राखण ही तिची कामं. २२ फेब्रुवारी १९३१ ला तिला येशूचं दर्शन झालं, हृदयापासून दोन किरण निघालेले, एक लाल, एक फिकट. १९३४ मध्ये त्यावरून चित्र काढलं गेलं, खाली शब्द: येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे. १९३८ साली क्षयाने ती गेली, वय ३३. पुढे १९५९ मध्ये खुद्द रोमने ही भक्ती पसरवायला मनाई केली, ती उठली १९७८ मध्ये. ती उठावी म्हणून खटपट करणारे क्राकूचे आर्चबिशप त्याच वर्षी पोप झाले, दुसरे जॉन पॉल. ३० एप्रिल २००० ला त्यांनी तिला संत म्हणून घोषित केलं आणि पुनरुत्थानानंतरचा रविवार दैवी करुणेला दिला.

ते किरण म्हणजे क्रूसावर कुशीत भाला खुपसल्यावर वाहिलेलं रक्त आणि पाणी. म्हणजे करुणा वाहते ती जखमेतून. त्या रविवारी दरवर्षी शुभवर्तमानातला तोच प्रसंग वाचतात, येशू उठल्याचं न पटलेल्या थोमा या शिष्याचा. येशू मरणातून उठलाय, पण हातांचे व्रण तसेच आहेत. मरण जिंकलेल्याला ते पुसता आले नसते का? त्याने ठेवले, आणि थोमाला म्हणाला, बोट लाव. आजाऱ्याला आपण सांगायचं ते एवढंच, की देवाच्या अंगावरही जखमा आहेत आणि तो तुझ्याजवळ आहे. दुःखाचं कारण सांगायचं काम आपल्याकडे दिलेलं नाही. पोप फ्रान्सिस यांनी त्यांनी जाहीर केलेल्या करुणेच्या वर्षातलं पहिलं पवित्र द्वार, म्हणजे अशा वर्षी क्षमेची खूण म्हणून उघडतात तो चर्चचा दरवाजा, उघडलं ते रोममध्ये नव्हे, यादवीत होरपळणाऱ्या मध्य आफ्रिकेतल्या बांगी शहरात, २९ नोव्हेंबर २०१५ ला. यावर खूप बोलायचं होतं, राहिलं.

दोन विनंत्या. रुग्णाला आजाऱ्यांच्या संस्काराचं पवित्र तेल लावायला फादरना वेळेवर बोलवा. फादर दिसले की आजारी माणूस घाबरेल, म्हणून आपण तो बेशुद्ध होईपर्यंत थांबतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६३ मध्येच सांगितलंय की हा संस्कार फक्त मरणाच्या दारातल्यांसाठी नाही. रुग्णाला तो शुद्धीत असताना मिळू द्या, त्याला 'आमेन' म्हणता येऊ दे.

आणि परळ-दादरच्या धर्मशाळांत बाहेरगावचे कॅन्सरचे रुग्ण राहतात. गुरुवारी दुपारी आमच्यातल्या काही जणी तिथे जातात. दाराजवळ वही ठेवली आहे, नाव आणि येता येईल तो गुरुवार लिहा. पुरुषांनीही लिहा, पुरुष रुग्णांची दाढी करायला आमच्याकडे कुणी नाही.