सभ्यतेची अट आणि कृष्णवर्णीय स्त्रीचे शरीर

आयडा बी. वेल्स या जमावहत्यांविरुद्धच्या लढ्यामुळे पुढे जगाला माहीत झाल्या; परंतु १८८३ मध्ये त्या अमेरिकेतील टेनेसी राज्यात मेम्फिसजवळच्या एका खेड्यात शिकवणाऱ्या एकवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय शिक्षिका होत्या. शाळेला जाण्यासाठी पहिल्या वर्गाचे तिकीट काढून त्या आगगाडीच्या स्त्रियांच्या डब्यात बसल्या. तिकीट तपासनिसाने त्यांना पुढच्या डब्यात जायला सांगितले. पुढचा डबा म्हणजे विड्या ओढणाऱ्या आणि दारू पिणाऱ्या पुरुषांचा डबा. त्यांनी नकार दिल्यावर त्याने हात धरून ओढले, तेव्हा त्या त्याच्या हाताला कडकडून चावल्या आणि समोरच्या बाकाला पाय रोवून बसल्या. अखेर आणखी दोघांची मदत घेऊन त्यांना ओढून बाहेर काढले गेले. अंगातल्या कोटाची बाही फाटली, आणि डब्यातल्या गोऱ्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. वेल्स यांनी रेल्वे कंपनीवर दावा लावला. खालच्या न्यायालयाने त्यांना ५०० डॉलरची भरपाई दिली आणि १८८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली.

तो डबा सभ्य स्त्रियांसाठी राखलेला होता, म्हणून त्यात शिरण्याआधी कोणती स्त्री सभ्य हे ठरवावे लागत होते, आणि ते ठरवणारा माणूस तिकीट पाहत नव्हता, कातडी पाहत होता. कृष्णवर्णीय स्त्रीने कितीही शिकावे, कितीही नेटके राहावे, चारचौघांत कितीही खालच्या आवाजात बोलावे, तरी तिच्या शरीराबद्दल समाजाने आधीच एक निकाल देऊन ठेवला होता. त्या निकालाविरुद्ध तिने सभ्यतेची ढाल उचलली, त्या ढालीने तिला काय दिले, आणि त्या बदल्यात तिच्याकडून काय काढून घेतले, याविषयी मला आज बोलायचे आहे.

हा निकाल कायद्याने दिलेला होता. १६६२ मध्ये व्हर्जिनिया वसाहतीने असा कायदा केला की मूल गुलाम की स्वतंत्र हे आईच्या स्थितीवरून ठरेल. इंग्रजी परंपरेत वंश आणि वारसा बापाकडून चालत असताना केलेला हा उलटा नियम मळेवाल्याच्या फार सोयीचा होता. मालकाने गुलाम स्त्रीवर बळजबरी केली तर त्यातून जन्मणारे मूल त्याची जबाबदारी ठरत नव्हते. ते त्याच्या मालमत्तेत भर घालत होते. ज्या अत्याचारातून उत्पन्न मिळते त्याला अत्याचार म्हणणे व्यवस्थेला परवडत नाही. त्यासाठी एक समजूत पसरवावी लागली की या स्त्रिया मुळातच कामातुर आहेत, त्यांच्यावर बळजबरी होऊच शकत नाही. आधी व्यवहार आला आणि मागाहून त्याला साजेशी बदनामी आली, हा क्रम आपण नीट लक्षात ठेवला पाहिजे.

मिसुरी राज्यातील सीलिया या मुलीचा खटला या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. १८५० मध्ये, साधारण चौदा वर्षांची असताना, रॉबर्ट न्यूसम नावाच्या विधुर शेतकऱ्याने तिला विकत घेतले आणि तेव्हापासून पाच वर्षे तो तिच्यावर बलात्कार करत राहिला. १८५५ च्या जून महिन्यात ती गरोदर आणि आजारी असताना तो रात्री तिच्या झोपडीत आला. येऊ नकोस असे तिने आधीच बजावले होते. तिने त्याला काठीने मारले आणि त्यात तो मेला. तिच्या वकिलांनी न्यायालयात एक साधा मुद्दा मांडला : राज्याच्या कायद्यात ‘कोणत्याही स्त्री’वर बळजबरी करणे गुन्हा आहे, आणि सीलिया ही स्त्री आहे. हा मुद्दा पंचांपुढे (ज्युरीपुढे) ठेवण्यास न्यायाधीशांनी नकार दिला. २१ डिसेंबर १८५५ रोजी तिला फाशी देण्यात आली. ‘कोणतीही स्त्री’ या शब्दांत ती बसत नव्हती.

गुलामगिरी संपली तरी ती समजूत संपली नाही. १८९५ मध्ये मिसुरीतील एका पत्रकार संघटनेच्या गोऱ्या अध्यक्षाने एका पत्रात कृष्णवर्णीय स्त्रियांना सरसकट वेश्या, चोर आणि खोटारड्या म्हटले. या पत्राला उत्तर म्हणून त्याच वर्षी बॉस्टनमध्ये जोसेफिन सेंट पिअर रफिन यांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय स्त्रियांची राष्ट्रीय परिषद भरली, आणि १८९६ मध्ये त्यातून राष्ट्रीय संघटना उभी राहिली. मेरी चर्च टेरेल तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. स्वतः वर चढताना दुसऱ्यांना वर ओढत न्यायचे, असे तिचे बोधवाक्य होते. या स्त्रियांनी बालवाड्या काढल्या, वृद्धाश्रम चालवले, गावाकडून शहरात एकट्या येणाऱ्या मुलींसाठी वसतिगृहे उभारली. नॅनी हेलन बरोज यांनी १९०९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये मुलींची शाळा सुरू केली, तिची तीन सूत्रे होती : बायबल, स्नान आणि झाडू. शिकागोतील अर्बन लीग ही कृष्णवर्णीयांसाठी काम करणारी संस्था दक्षिणेतून नव्याने आलेल्या स्त्रियांकडून प्रतिज्ञा घ्यायची ती अशी की डोक्याला कामाचे फडके बांधून, ॲप्रन किंवा घरातले कपडे घालून आम्ही रस्त्यावर येणार नाही.

आज हे वाचताना चीड येणे सोपे आहे. मला स्वतःला मात्र या स्त्रियांबद्दल अतिशय आदर वाटतो. वर्तमानपत्रे, चर्चचे धर्मगुरू, पोलीस आणि न्यायालये ज्यांना रोज बदफैली म्हणत होती त्यांनी आपली मान ताठ ठेवण्यासाठी हाताशी होते ते साधन वापरले. एव्हलिन ब्रुक्स हिगिनबॉथम या इतिहासकार स्त्रीने १९९३ मध्ये या धोरणाला ‘प्रतिष्ठेचे राजकारण’ असे नाव दिले, आणि त्यात बंडाचाही अंश होता हे त्यांनी दाखवून दिले. ज्यांना समाज माणूस मानत नाही त्यांनी पांढरा इस्त्रीचा पोलका घालून चारचौघांत येणे हे एक आव्हानच होते.

पण ढालीलाही वजन असते, आणि ते सर्वांत जास्त गरीब बायकांच्या खांद्यावर आले. झाडू मारणारी, कपडे धुणारी, शनिवारी रात्री नाचायला जाणारी, लग्नाशिवाय पुरुषाबरोबर राहणारी स्त्री आता आपल्याच समाजात ‘नाव घालवणारी’ ठरू लागली. आयडा वेल्स यांनाही हा अनुभव कोवळ्या वयात आला होता. १८७८ मध्ये पिवळ्या तापाच्या साथीत आईवडील गेले तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. भावंडांची ताटातूट होऊ नये म्हणून वय मोठे दिसावे इतके लांब झगे शिवून त्यांनी शिक्षिकेची नोकरी मिळवली. वडिलांनी विश्वासाने ठेवायला दिलेले पैसे परत करण्यासाठी एक गोरा डॉक्टर त्यांना भेटला, आणि एवढ्यावरून गावात कुजबूज सुरू झाली की ही पोरगी गोऱ्या पुरुषांकडून पैसे घेते. कुजबुजणारे शेजारी कृष्णवर्णीयच होते.

डार्लीन क्लार्क हाइन या इतिहासकार स्त्रीने १९८९ मध्ये मांडलेला विचार मला या सगळ्याच्या मुळाशी नेणारा वाटतो. बलात्काराची टांगती तलवार आणि बदनामी यांच्यापासून बचाव करण्यासाठी या स्त्रियांनी मोकळेपणाचा केवळ देखावा केला आणि आपले आतले आयुष्य कोणालाच दिसू दिले नाही, असे त्या म्हणतात. यात पुढच्या पिढ्यांचे फार मोठे नुकसान झाले. अत्याचार लपला तशी वासनाही लपली. दुःखाबरोबर सुखही मुके झाले. ॲलिस डनबार-नेल्सन या लेखिका, शिक्षिका आणि स्त्रीसंघटनांमधील मान्यवर कार्यकर्त्या होत्या. त्यांच्या १९२० आणि १९३० च्या दशकांतील दैनंदिनीत स्त्रियांवरील त्यांच्या प्रेमाचे उल्लेख आहेत, पण ती दैनंदिनी छापून आली १९८४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने. अशा किती दैनंदिनी जाळल्या गेल्या असतील, हा प्रश्न मनातून जात नाही.

ज्या गोष्टी सभागृहात बोलता येत नव्हत्या त्या तंबूत आणि नाचघरात गायल्या जात होत्या. ब्लूज हे कृष्णवर्णीयांच्या लोकसंगीतातून आलेले गाणे गाणाऱ्या स्त्रियांनी १९२० च्या दशकात उघडपणे शरीराबद्दल गायले. नवऱ्याची मारहाण, दुसऱ्या बाईचा मत्सर, एकटेपणा, भूक आणि हवेसे वाटणे हे सगळे त्यांच्या गाण्यात आले. मा रेनी यांनी १९२८ मध्ये स्त्रियांच्या संगतीबद्दलचे एक गाणे ध्वनिमुद्रित केले. त्याच्या जाहिरातीत पुरुषी कोट आणि हॅट घातलेली एक स्त्री दोन बायकांशी बोलत उभी आहे आणि पलीकडून पोलीस पाहतो आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत ग्लॅडिस बेंटली पांढरा कोट आणि उंच टोपी घालून पियानोवर गात असत. चर्चला आणि शिकलेल्या मंडळींना या गाण्यांची लाज वाटे. मला मात्र ती त्या काळातल्या कष्टकरी कृष्णवर्णीय स्त्रीची सर्वांत प्रामाणिक साक्ष वाटते, कारण त्यांत ती कोणाला काही सिद्ध करून दाखवत नाही. याच बेंटली यांच्या नावाने १९५२ मध्ये ‘एबनी’ मासिकात एक लेख आला. आपण संप्रेरकांचे उपचार घेतले असून आता पुन्हा ‘स्त्री’ झालो आहोत, असे त्यात म्हटले होते; सोबत घरकाम करतानाची त्यांची छायाचित्रे होती. संशयाने भरलेल्या त्या वर्षांत जगण्यासाठी एका निर्भय स्त्रीला असा कबुलीजबाब द्यावा लागला.

नागरी हक्कांच्या चळवळीने ही अट न्यायालयाच्या दारापर्यंत नेली. २ मार्च १९५५ रोजी अलाबामा राज्यातील माँटगोमेरीत क्लॉडेट कॉल्विन या पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय शाळकरी मुलीने गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही. पोलिसांनी तिला खेचून खाली उतरवले आणि बेड्या घातल्या. स्थानिक नेत्यांनी तिच्या प्रकरणावर मोठा लढा उभारण्याचा विचार केला आणि सोडून दिला. ती गरीब वस्तीतली, सावळ्या कृष्णवर्णीयांतही गडद रंगाची, तापट स्वभावाची मानली गेली, आणि काही महिन्यांतच अविवाहित असताना ती गरोदर राहिली. डिसेंबरमध्ये याच कारणावरून रोझा पार्क्स यांना अटक झाली, त्यातून शहरातल्या बसवरचा मोठा बहिष्कार उभा राहिला, आणि पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. बसमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५६ च्या खटल्यात मात्र चार फिर्यादींपैकी एक क्लॉडेटच होती, आणि घरी काही आठवड्यांचे मूल असताना तिने साक्ष दिली.

या अटीने पार्क्स यांच्यावरही अन्याय केला. दमलेली, शांत, मवाळ शिवणकाम करणारी बाई एवढीच त्यांची प्रतिमा शिल्लक राहिली. वास्तविक १९४४ मध्ये अलाबामातल्याच ॲबव्हिल गावात चर्चमधून घरी परतणाऱ्या रेसी टेलर या विवाहित कृष्णवर्णीय तरुणीला गोऱ्या तरुणांच्या टोळीने पळवून नेऊन बलात्कार केला, तेव्हा चौकशीसाठी त्या गावी गेलेल्या कार्यकर्त्या म्हणजे याच रोझा पार्क्स. टेलर यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले गेले. दोन वेळा पंचमंडळ बसले आणि दोन्ही वेळा आरोप ठेवण्यास नकार मिळाला. अलाबामाच्या विधिमंडळाने माफी मागितली ती २०११ मध्ये.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्यांना अर्पण केला होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना लुगडे घोट्यापर्यंत नेसण्याचा आणि जातीची खूण ठरलेले जड दागिने टाकून देण्याचा उपदेश केला, आणि दुसऱ्या दिवसापासून कित्येकींनी तो अमलात आणला. तो आत्मसन्मानाचा उठाव होता. त्याच वेळी तमाशात नाचणाऱ्या, जातीने त्या व्यवसायात ढकललेल्या स्त्रियांचे काय, हा अवघड प्रश्न उरला. मूळच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या आणि अमेरिकेत इतिहास शिकवणाऱ्या शैलजा पाईक यांनी २०२२ मध्ये याच प्रश्नावर ग्रंथ लिहिला, आणि कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांशी त्यांच्या विचारांचे नाते आहे.

अमेरिकेत ही कोंडी उघडपणे फोडली ती १९७० च्या दशकात. बॉस्टनमधील कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्ह या कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांच्या गटाने १९७७ च्या निवेदनात वंश, वर्ग, लिंग आणि लैंगिकता यांतून येणारे जुलूम एकमेकांत गुंतलेले आहेत असे मांडले. पुढच्याच वर्षी कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी एका भाषणात कामभावना ही लाजेची गोष्ट नसून स्त्रीच्या सामर्थ्याचा, तिच्या कामातल्या आणि नात्यांतल्या आनंदाचा झरा आहे असे सांगितले. ज्यांच्या आज्यांनी आपले आतले आयुष्य कुलूपबंद ठेवले होते त्यांना हे ऐकताना काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

तरीही जुनी समजूत किती चिवट आहे हे १९९१ मध्ये दिसले. ॲनिटा हिल या येल विद्यापीठात कायदा शिकलेल्या, प्राध्यापक, शेतकरी कुटुंबातल्या, सर्व अर्थांनी प्रतिष्ठित स्त्री होत्या. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदाचे उमेदवार क्लॅरेन्स थॉमस यांच्यावर त्यांनी लैंगिक छळाचा आरोप केला, आणि सिनेट समितीतल्या गोऱ्या पुरुषांनी त्यांना उलटतपासणीत भंडावून सोडले. सभ्यतेच्या सर्व अटी पाळूनही विश्वास मिळाला नाही. त्या नोव्हेंबरमध्ये १,६०३ कृष्णवर्णीय स्त्रियांनी पदरचे पैसे घालून ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये हिल यांच्या बाजूने आपल्या नावांनिशी निवेदन छापले.

शेवटचे उदाहरण ओक्लाहोमा सिटीचे. डॅनियल होल्ट्झक्लॉ हा पोलीस गस्तीवर असताना गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना अडवत असे. त्यांतल्या बहुतेकींवर अमली पदार्थांचे किंवा देहविक्रयाचे गुन्हे नोंदलेले असत, आणि आपल्यावर कोण विश्वास ठेवणार या भीतीने त्या गप्प राहतील हा त्याचा हिशेब होता. २०१४ च्या जूनमध्ये त्याने सत्तावन्न वर्षांच्या एका आजीला अडवले. तिच्या नावावर एकही गुन्हा नव्हता. तिने लगेच तक्रार केली, तपास सुरू झाला आणि मग एकेक स्त्री पुढे आली. तेरा जणींनी साक्ष दिली. बचावाच्या वकिलाने त्यांच्या व्यसनांचे आणि जुन्या गुन्ह्यांचे पाढे वाचले. शहरातल्या कृष्णवर्णीय स्त्री कलावंतांच्या एका गटाने न्यायालयात हजर राहून त्या सर्वजणींना, कोणाचेही पूर्वायुष्य न विचारता, साथ दिली. डिसेंबर २०१५ मध्ये पंचांनी आठ स्त्रियांशी संबंधित अठरा आरोपांत होल्ट्झक्लॉला दोषी ठरवले आणि त्याला २६३ वर्षांची शिक्षा झाली. उरलेल्या पाच जणींच्या आरोपांतून मात्र तो सुटला.