घंटेच्या आधी

नमस्कार श्रोतेहो.

जुनी पाणचक्की बघायला कधी गेलात, तर माझं एक ऐका. आत शिरल्यावर दोन मिनिटं कुणाशी बोलू नका. नुसतं उभं राहून ऐका. बाहेर पाण्याचा खळाळ, पायाखाली दातेरी चाकांची घरघर, आणि या सगळ्यातून एक बारीक टकटक, टकटक. ती टकटक लक्षात ठेवा. तिच्याचसाठी आज बोलायला बसले आहे.

पाण्यावर दळायची युक्ती फार जुनी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात विट्रुव्हिअस या रोमन स्थापत्यकारानं ती लिहून ठेवली आहे. फ्रान्समध्ये आर्लजवळ बार्बेगाल इथं दुसऱ्या शतकात 16 पाणचाकांची गिरणी होती. टेकडीच्या उतारावर आठ-आठ चाकांच्या दोन ओळी, आणि वरच्या चाकाचं पाणी खालच्या चाकावर. आज तिथं भिंतींचे अवशेष उरलेत. काही जुन्या गिरण्या मात्र अजून खरोखर दळतात, आणि माझा जीव त्यांच्यावर आहे. तेलपाणी करून दोरीच्या कुंपणाआड थांबवून ठेवलेलं यंत्र बघितलं की मला वाईट वाटतं. चाकाचे लाकडी दात वापरून झिजले, तर नवे बसवावे लागतात आणि ते घडवणाऱ्या सुताराचा हात चालू राहतो. वाद्यांचंही तसंच आहे. संग्रहालयातली सतार कुणीतरी रोज जुळवायला हवी, असं मला फार मनापासून वाटतं.

असो. अशाच एका चालत्या गिरणीत मी गेले होते. तीन मजले. सगळ्यात वर धान्याच्या कोठ्या, मधे दगड, खाली पीठ. दळणारे गृहस्थ साठीच्या पुढचे, भुवयांवर पिठाचा थर. वर कोठीशी उभे राहून ते मला गहू दाखवत होते. बोलता बोलता एकदम थांबले. मान तिरकी केली. ओंजळीतले गहू कोठीत टाकले आणि धडधडत जिना उतरले. मी मागोमाग. मी शेवटच्या पायरीवर पोचते तोच घंटा वाजायला लागली.

म्हणजे बघा, घंटा नंतर वाजली. त्यांना आधी कळलं होतं.

वरून धान्य आणणारी लाकडी पन्हळ तुंबली होती. त्यांनी तिला मुठीनं दोन ठोके दिले, गहू सळसळत खाली आला, घंटा थांबली. मग कपाळ पुसत त्यांनी मला सगळं समजावलं. दगडांच्या वर पेरणीच्या चाड्यासारखं निमुळतं लाकडी पात्र असतं. त्यातून दाणे एका तिरक्या पेटीत येतात, आणि पेटीतून वरच्या दगडाच्या तोंडात. मधला दांडा फिरताना या पेटीला धक्के देत राहतो. तीच ती टकटक. पाणी वाढलं की चाक जोरात, टकटक जोरात, आणि दाणेही जास्त पडतात. जात्यावर आपण हातानं दाणे वैरतो, तसं इथं पाणीच वैरतं.

आणि घंटा? त्या पात्रात एक पट्टा धान्याच्या ओझ्याखाली दाबलेला असतो. धान्य उतरलं की पट्टा सैल होतो, घंटा खाली येते, फिरत्या दांड्याला लागते आणि वाजते. यात खेळ नाही. दाण्यांवाचून दगडावर दगड घासला तर ठिणगी उडते, आणि हवेत उडणारं पीठ स्फोटासारखं पेटतं. 1878 च्या मे महिन्यात अमेरिकेत मिनिआपोलिसच्या एका मोठ्या गिरणीत पिठाच्या धुळीचा स्फोट झाला, 18 कामगार गेले.

"पण तुम्हाला आधी कसं कळलं?" मी विचारलं. ते म्हणाले, "डोळे मिटा." मी मिटले. त्यांनी पात्राची फळी जराशी खाली दाबली, दाणे कमी केले. मला काही कळलं नाही. पुन्हा दाबली. नाही कळलं. तिसऱ्या वेळी कळलं. टकटक तीच, पण पोकळ झाली होती. भरल्या डब्यावर आणि रिकाम्या डब्यावर बोट वाजवून बघा, तेवढाच फरक.

मग खाली नेऊन त्यांनी माझ्या बोटांवर चिमूटभर पीठ ठेवलं. रवाळ होतं. एक स्क्रू जेमतेम फिरवला, वरचा दगड केसभर खाली आला. टनभर वजनाचा दगड, आणि कडेला दोन दगडांत कागदाएवढी फट! दुसरी चिमूट मऊ लागली, आणि कोमट. त्यापेक्षा गरम झालं की दगड पुन्हा वर घ्यायचा. दगड बोथट झाले की त्यांनाही आपल्या जात्यासारखी टाकी लावावी लागते.

आता गिरणीच्या दुकानाबद्दल थोडं. तिथं एकच प्रश्न विचारा, पीठ कधी दळलं? वेष्टन कितीही सुंदर असो, आधी विचारा, कधी दळलं? दगडावर दळलेल्या, न चाळलेल्या पिठात कोंडा राहतो, दाण्याचा अंकुरही राहतो. अंकुरात तेल असतं, त्यानं चव येते आणि त्यानंच पीठ खवट होतं. 1870 नंतर दगडांऐवजी फिरत्या लोखंडी रुळांमधे दळणाऱ्या गिरण्या पसरल्या, त्यांनी अंकुर वेगळा काढला, म्हणून ते पांढरं पीठ महिनोन् महिने टिकतं. तेव्हा मोठी गोणी घेऊ नका. थोडंच घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात गार जागी ठेवा.

आणि निघण्याआधी दळण कोणत्या दिवशी असतं तेही विचारून घ्या. नदीला पाणी कमी असलं तर चाक थांबलेलं असतं. मी त्या दिवशी घेतलेली पिशवी मांडीवर ठेवून परत आले, ती बराच वेळ कोमट होती.

नमस्कार.