गव्हाणीतला श्वास : सुकं गवत की हेलेज

(दृश्य : पागेच्या झरोक्यातून आत आलेला उन्हाचा पट्टा. गठ्ठ्याची दोरी कापली जाते, गवत झटकलं जातं. दहा सेकंद फक्त आवाज.)

उन्हात हे जे तरंगतंय, त्यातली जाड धूळ घोड्याच्या नाकातच अडकते. पाच मायक्रॉनहून बारीक कण मात्र थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात. त्यांत बुरशीची बीजं असतात, मृत जिवाणूंचे अंश असतात, पानांचा चुरा असतो. हा गठ्ठा हिरवट आहे, वासालाही चांगला आहे. तरीही इतकी धूळ निघते.

घोडा फक्त नाकानेच श्वास घेतो. त्याच्या घशाची रचनाच अशी आहे की तोंडाने श्वास घेता येत नाही. एक किलो सुकं गवत चावायला त्याला साधारण ४० मिनिटं लागतात. दिवसाला १२ किलो खाणारा घोडा आठ तास नाकपुड्या गवतात खुपसून उभा असतो.

(दृश्य : घोड्याची कूस, जवळून.)

बरगड्यांच्या मागे तिरकी उमटलेली ही रेघ पाहा. निरोगी घोडा स्वस्थ उभा असताना मिनिटाला ८ ते १६ वेळा श्वास घेतो आणि त्यात पोटाला फारसं काम पडत नाही. इथे उच्छ्वास बाहेर ढकलायला पोटाचा स्नायू जोर लावतोय. हा घोड्यांचा दमा.

(दृश्य : कापणी. गवताच्या ओळी, वरून.)

आता शेतात. कापलं तेव्हा या गवतात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी होतं. सुकं गवत म्हणून बांधायचं तर ते १५ टक्क्यांपर्यंत खाली यायला हवं. एक किलो सुक्या गवतासाठी चार किलोंहून जास्त हिरवं गवत कापावं लागतं; उरलेलं सगळं पाणी ऊन आणि वारा नेतात. त्याला तीन ते पाच कोरडे दिवस लागतात. रोज गवत पसरून खालवर करायचं आणि शेवटच्या दिवशी ओळीत ओढायचं. कापणीची पाती जमिनीपासून ७ ते १० सेंटीमीटर वर ठेवायची. त्याहून खाली घासली तर माती चाऱ्यात येते आणि ती पुढे महागात पडते.

पाऊस जवळ आला की घाई होते आणि २० टक्क्यांच्या वर ओल असलेलं गवत बांधलं जातं. गठ्ठ्यात बुरशी जागी होते, गठ्ठा तापतो. आत लोखंडी दांड्याचा तापमापक खुपसून रोज बघावं लागतं. ५५ अंश सेल्सिअसला गठ्ठे मोकळे करून हवा खेळवायची. ७० च्या पुढे गवताची गंज पेटू शकते.

(दृश्य : तेच शेत, दुसरा दिवस. गठ्ठे बांधणारा बेलर, मागोमाग प्लास्टिकची फिल्म गुंडाळणारं यंत्र.)

हेलेज, म्हणजे अर्धवट सुकवून फिल्ममध्ये हवाबंद केलेलं गवत, इथे वेगळं होतं. तेच गवत एक-दोन दिवसांत, पाणी ३५ ते ४५ टक्क्यांवर आलं की बांधलं जातं. ओल हातानेही अजमावता येते, पण मोजलेली बरी. १०० ग्रॅम गवत बारीक कापून मायक्रोवेव्हमध्ये ठेवा, कोपऱ्यात पाण्याचा कप ठेवा म्हणजे गवत जळणार नाही. तीन मिनिटांनी वजन करा, मग पुन्हा अर्धा-अर्धा मिनिट, वजन उतरायचं थांबेपर्यंत. ६० ग्रॅम उरलं तर ४० टक्के पाणी होतं.

बांधल्यावर दोन तासांच्या आत फिल्म चढायला हवी. या फिरत्या टेबलावर गठ्ठा दोन्ही दिशांनी वळतो, फिल्म ताणली जाते आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याचा अर्धा भाग झाकतो. घोड्यांसाठी कमीत कमी सहा थर, कडक काड्यांचं गवत असेल तर आठ. निसवलेल्या, तुरे आलेल्या गवताच्या काड्या आतूनच फिल्म भोसकतात.

हेलेजला मुरघास समजण्याची चूक फार होते. मुरघासात भरपूर पाणी असतं, तो जोरात आंबतो, सामू (pH) चारपर्यंत उतरतो आणि ते आम्लच त्याला राखतं. हेलेज त्यापेक्षा बरंच कोरडं, त्यामुळे आंबणं अर्धवट राहतं. सामू साधारण पाच-सहाच्या दरम्यान राहतो. त्याला राखते ती फक्त आत हवा नसणं. मुरघासाच्या पिशवीला भोक पडलं तर आम्ल थोडा वेळ तरी किल्ला लढवतं. हेलेजला भोक पडलं की बुरशी लगेच आत शिरते.

म्हणून ही माणसं गोल गठ्ठे सपाट बाजूवर उभे करतायत. फिल्मचे थर तिथे सगळ्यांत जास्त असतात. उंदीर आणि पक्षी यांच्यावर रोज नजर. भोक दिसलं की त्याच दिवशी चाऱ्याच्या फिल्मसाठीची चिकटपट्टी, पुसून कोरड्या केलेल्या जागेवर. साधी पार्सलची पट्टी उन्हात सुटते. सहा आठवडे गठ्ठा फोडायचा नाही.

(दृश्य : गठ्ठा फोडणं. ओंजळीत हेलेज. उन्हाचा पट्टा तोच.)

पट्टा तोच आहे, झटकणारे हातही तेच. हवेत काय उडतंय ते बघा.

(सहा सेकंद निवेदन नाही.)

वास गोडसर, किंचित आंबट, तंबाखूच्या पानासारखा यावा. अमोनियाचा झणका आला, खवट लोण्याचा वास आला किंवा गवत चिकट लागलं, तर अख्खा गठ्ठा बाजूला. वरचा बुरशीचा थर काढून बाकीचं वापरायची सवय गुरांच्या गोठ्यातून आलीय. घोड्याच्या बाबतीत ती सोडून द्यायची. फार ओला किंवा मातकट गठ्ठा, आणि यंत्राखाली सापडून गठ्ठ्यात आलेला उंदीर किंवा पक्षी, यांतून बोटुलिझमचं, म्हणजे स्नायू लुळे पाडणारं, विष तयार होऊ शकतं. घोडा त्याला विलक्षण नाजूक आहे, आणि त्यातून वाचणारे थोडे.

(दृश्य : टांगता काटा, चारा भरायची जाळी.)

या काट्याइतकी दुर्लक्षित वस्तू पागेत दुसरी नसेल. ५०० किलोच्या घोड्याला वजनाच्या २ टक्के, म्हणजे १० किलो कोरडा चारा (पाणी वगळून उरणारा भाग) लागतो. दीड टक्क्याच्या, साडेसात किलोंच्या खाली जायचं नाही. सुक्या गवतात ८५ टक्के कोरडा भाग धरला तर जाळी ११.८ किलोंची. ६० टक्के कोरड्या हेलेजची जाळी १६.७ किलोंची. जुन्या सवयीने हेलेजही ११.८ किलोच भरलं, तर पोटात कोरडा चारा जातो सात किलोंच्या जरा वर. घोडा तासन्‌तास रिकाम्या पोटी उभा राहतो, आणि जठरातलं आम्ल मात्र दिवसभर झिरपतच असतं. 'हेलेज पौष्टिक, म्हणून थोडं कमी द्या' हा सल्ला इथे घात करतो. पौष्टिकता गवत कोणत्या अवस्थेत कापलं त्यावर ठरते. आंबल्यामुळे साखर संपते हेही खरं नाही. इतक्या कोरड्या चाऱ्यात ती थोडीशीच कमी होते. खुरांच्या लॅमिनायटिसचा (आतल्या दाहाचा) धोका असलेल्या घोड्यासाठी प्रयोगशाळेत साखर तपासून घ्या, १० टक्क्यांच्या आत हवी.

फोडलेला गठ्ठा थंडीत चार-पाच दिवस टिकतो, उन्हाळ्यात दोन-तीन. अडीचशे किलोंचा गठ्ठा एकट्या घोड्याला पंधरा दिवस पुरतो, म्हणजे अर्ध्याहून जास्त फेकावा लागेल. चार घोडे तो चार दिवसांत संपवतात. एकच घोडा असेल तर २० ते २५ किलोंचे छोटे गठ्ठे घ्या, नाहीतर सुकं गवतच द्या, पण भिजवून किंवा वाफवून.

(दृश्य : पाण्याची टाकी, तपकिरी पाणी. मग वाफेची पेटी.)

धूळ बसवायला १० ते ३० मिनिटं भिजवणं पुरे. रात्रभर भिजवलं तर साखर आणि खनिजं उतरतात, जिवाणू वाढतात. ओलं असतानाच खायला घाला. वाळलं की धूळ पुन्हा मोकळी होते. वाफ द्यायची तर गठ्ठ्याच्या गाभ्यापर्यंत, जिवाणू मरतील इतकी कडक. पोत्यात गवत भरून वर केटलीचं पाणी ओतल्याने ते नुसतं कोमट आणि ओलं होतं, आणि जिवाणूंना तेच हवं असतं.

(दृश्य : तोच घोडा, नवी जाळी.)

बदल १० ते १४ दिवसांत. पहिले तीन दिवस पाव भाग हेलेज, मग अर्धं, मग पाऊण. लीद पातळ झाली तर एक पायरी मागे या. शेजारच्या कप्प्यात कोरडं गवत झटकलं जात असेल तर तेही थांबवा, हवा दोघांची एकच आहे.

(निवेदन संपतं. चावण्याचा आवाज. कूस, जवळून.)