अळवावरचं पाणी आणि गाडीवरचं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

अळवाच्या पानावर पाणी टाकलं की त्याचे मोती होतात, पान जरासं कललं की घरंगळतात आणि मागे काहीसुद्धा उरत नाही. गाडीवरच्या पाण्याचं तसं नाही. तेही जातं, पण जाताना सही करून जातं. रविवारी सकाळी तासभर खपून गाडी धुवावी, वर जाऊन पोहे खावेत, पुन्हा खाली यावं, तर बोनेटभर पांढऱ्या गोल चकत्या! गाडी पांढरी असली की त्या लपतात. माझी गडद निळी आहे, त्यामुळे मला लपवायला जागाच नाही.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. सुफेन पाणी आणि दुष्फेन पाणी, म्हणजे साबणाला फेस देणारं आणि न देणारं, हा धडा इतक्या वेळा फळ्यावर लिहिला की झोपेतही सांगेन. आणि निवृत्तीनंतर गाडी घेतल्यावर पहिले सहा महिने तीच गाडी बोअरच्या पाण्यानं धुऊन उन्हात वाळत ठेवली, पापडासारखी. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी ऐकत असेल तर आता हसून घ्या.

आम्ही पुण्याच्या पूर्वेला, वाघोलीच्या बाजूला राहतो. तिकडे बोअर आणि टँकर, हेच आमचे नदी-नाले. खडकवासल्याचं पाणी ज्यांच्या नळाला येतं, त्यांना ही तक्रार फारशी कळणार नाही, कारण ते पावसाचं पाणी, धरणात साठलेलं, बऱ्यापैकी सुफेन. बोअरचं पाणी मात्र काळ्या पाषाणाच्या भेगांतून वर्षानुवर्षं मुरत आलेलं असतं, आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेतं. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर, स्टीलच्या पिंपाच्या कडेला रेघ, साबणाला फेस नाही आणि डाळ शिजता शिजत नाही. आपल्याकडे ‘डाळ शिजली नाही’ असं दुसऱ्याच अर्थानं म्हणतात, पण दुष्फेन पाण्यात ती खरोखरच शिजत नाही. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला, म्हणजे दाणा बांधून ठेवणाऱ्या पदार्थाला, धरून बसतो आणि दाणा कडक राहतो.

भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, आयएस १०५००. त्यात विरघळलेल्या एकूण क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम दिली आहे. दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या म्हणतात. हेच विरघळलेले क्षार मोजणारं, पेनासारखं दिसणारं टीडीएस मीटर मी आणलं आणि आमच्या बोअरच्या पाण्यात बुडवलं. आकडा आला ९०० च्या आसपास. आता हिशेब करू. समजा, धुऊन झाल्यावर गाडीच्या अंगावर अर्धा लिटर पाणी राहिलं. त्यात क्षार किती? साडेचारशे मिलिग्रॅम. अर्धा ग्रॅमसुद्धा नाही, चिमूटभर मीठ म्हणा. पण ती चिमूट हजारो थेंबांत वाटली जाते, आणि प्रत्येक थेंब आपला वाटा जागच्या जागी ठेवून जातो.

बरं, तो डाग गोल कडा असलेला का असतो? मध्ये फिकट आणि काठाला ठळक, चहाचा कप टेबलावर ठेवल्यावर उमटतो तसा? याचं उत्तर शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलं. तेही कॉफीच्या डागावरून! थेंबाचा काठ पृष्ठभागाला चिकटून राहतो, तो आत सरकत नाही. काठाला पाणी सगळ्यात पातळ, तिथलं आधी उडतं. ती तूट भरायला मधलं पाणी काठाकडे वाहतं, आणि आपल्याबरोबर सगळा गाळ तिकडे नेऊन टाकतं. एवढासा थेंब, पण आत प्रवाह चालू असतो.

एक समजूत मात्र मला मोडून काढायची आहे. थेंब भिंगासारखं ऊन एकवटतो आणि रंग जाळतो, असं पुष्कळ जण सांगतात. पत्र्यावर बसलेल्या अर्धगोल थेंबातून किरण एकत्र येतात हे खरं, पण ते जिथे एकत्र यायचे ती जागा पत्र्याच्या बरीच खाली असते. भिंगानं कागद जाळताना भिंग कागदावर टेकवलं तर कागद पेटत नाही, तसंच हे. ऊन नुकसान करतं ते पाणी झटपट उडवून. शिवाय तापलेल्या पत्र्यावर क्षार नुसते बसत नाहीत, चिकटतात. रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो, ज्याला कारवाले क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. डाग आठवडेच्या आठवडे उन्हात भाजत राहिला की तो या थरात ठसा पाडतो. मग ते पुसण्याचं काम राहत नाही, पॉलिशवाल्याकडे जावं लागतं.

म्हणून गाडी धुण्याची वेळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. गावाहून आलात, बोनेट तव्यासारखं तापलंय, तेव्हा पाइप हातात घेऊ नका. गाडी सावलीत उभी करा, चहा घ्या, बोनेटला हात लावून बघा. हाताला गार लागलं की सुरुवात.

आता पाणी. आरओ यंत्रातून जे टाकाऊ पाणी निघतं ते वाया जाऊ नये म्हणून बादलीत साठवून आम्ही बायका फरशी पुसतो, झाडांना घालतो, आणि उरलं की गाडी धुतो. सोसायटीच्या पाणी वाचवण्याच्या सूचनांतही हे आवर्जून लिहिलेलं असतं. हेतू चांगलाच आहे. पण जरा विचार करा, आरओनं शुद्ध पाणी पिण्याला दिलं, तर क्षार गेले कुठे? सगळे त्या बादलीत. आमच्या नळाला ९००, तर त्या बादलीत १२०० च्या पुढे. चाकांवरचा चिखल काढायला ते खुशाल वापरा. शेवटचं पाणी म्हणून मात्र मुळीच नको. मी सहा महिने तेच करत होते, दुसरं काय!

शेवटचं पाणी महत्त्वाचं, कारण गाडीवर राहतं ते तेच. त्यासाठी मला एक फुकटची युक्ती सापडली. एसीच्या पाइपातून गॅलरीत जे पाणी ठिबकतं, ते हवेतली वाफ गार होऊन झालेलं असतं. म्हणजे जवळजवळ ऊर्ध्वपातित पाणी, बॅटरीत घालतो तसल्या जातीचं. मीटर लावलं तर आकडा २० सुद्धा गाठला नाही. धूळ असते म्हणून मी ते जुन्या मलमलीतून गाळून घेते. मुंबईत, कोकणात, गोव्यात हवेला दमटपणा इतका की एक एसी रात्रीत बादली भरेल. आमच्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी, त्यामुळे दोन-तीन दिवस साठवावं लागतं. पावसाळ्यात तोही प्रश्न नाही, गच्चीच्या पन्हाळीखाली पिंप ठेवायचं. पहिल्या सरी सोडून द्यायच्या, कारण त्यांत गच्चीची सगळी धूळ येते. एक-दोन बादल्या असं पाणी शेवटी छतावरून सोडलं की निम्मं काम झालं.

आणि ते सोडायचं कसं, यातही गंमत आहे. पाइपाच्या तोंडाला फवारा असेल तर काढून टाका. फवाऱ्यानं थेंब होतात, आपल्याला थेंबच नको आहेत. उघड्या पाइपातून, जोर न लावता, छताच्या मधोमध पाणी सोडा. त्याची अखंड चादर होऊन खाली उतरते आणि वाटेतले सुटे थेंब आपल्यात ओढून घेते. पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ असते, पृष्ठताण म्हणतात तो हा. तो इथे फुकट राबतो. बादलीनं ओतत असाल तरी मग शिंपडू नका, बादली गाडीच्या जवळ नेऊन हळूच कलंडवा.

ज्यांच्या गाडीवर मेण किंवा सिरॅमिक कोटिंग आहे, ते म्हणतील आम्हाला पुसायची गरज नाही, पाणी कसं मोत्यासारखं उभं राहतं बघा! तेच तर! उभ्या दारांवरून ते पळतं, पण छत आणि बोनेट आडवं. तिथे मोती बसूनच राहतात, आणि प्रत्येक मोत्याची एक चकती होते. कोटिंगचा फायदा एवढाच की डाग लवकर निघतो.

आता फडकं. आपल्या घरात गाडीचं फडकं म्हणजे निवृत्त झालेला बनियन. त्याच्या शिवणीला, जमिनीवर पडल्यावर चिकटलेल्या वाळूच्या एका कणाला मी घाबरते. उन्हात तिरकं बघितलं की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसतात ना, ते बहुतेक अशा पुसण्यातूनच आलेले असतात. मायक्रोफायबरचं जाड फडकं घ्या. पॉलिएस्टर आणि नायलॉनचे अतिशय बारीक, चिरलेले धागे असतात त्यात, फटीफटीत पाणी शोषून घेतात. गाडी वाळवायला मधाच्या पोळ्यासारखी वीण असलेलं किंवा लांब लवेचं मोठं फडकं चांगलं. शामोय म्हणून जे कातड्यासारखं गुळगुळीत फडकं डबीतून मिळतं, ते पाणी उत्तम शोषतं, पण सपाट असतं. कण सापडला तर त्याला लपायला जागा नाही, तो सरळ रंगावर घासला जातो. लवेच्या फडक्यात कण आत शिरतो.

मराठीत आपल्याकडे फार नेमकं क्रियापद आहे, टिपणं. शाई टिपतात, कपाळावरचा घाम टिपतात. गाडीही टिपायची. फडकं दोन्ही हातांनी बोनेटवर पसरा, तळव्यानं हलकं दाबा, उचला. किंवा दोन कोपरे धरून सरळ आपल्याकडे ओढा. गोल गोल घासायचं नाही, जोर लावायचा नाही. आधी छत आणि काचा, मग बोनेट आणि डिकी, मग दारं, आणि दारांचा खालचा भाग सगळ्यात शेवटी, कारण घाण तिथेच राहते. फडकं जड झालं की पिळत बसू नका, दुसरं घ्या. मी दोन ठेवते.

एवढं करून वर गेलात की आरशातून ओघळ येणार. आरशाचं घर, दाराचे हँडल, पेट्रोलच्या झाकणाची फट, नंबरप्लेटची मागची बाजू, ही सगळी चोरटी ठिकाणं. दारं उघडून कडा टिपा. मग गाडी आवारात एक फेरी मारून आणा, दोन-तीनदा ब्रेक दाबा. लपलेलं पाणी बाहेर येतं, ब्रेकच्या चकत्याही कोरड्या होतात. परत आल्यावर ओघळ तेवढे टिपायचे. गाडी हायवेला पळवून वाऱ्यावर वाळवू म्हणणारे आमच्या सोसायटीत आहेत. ते ओल्या गाडीवर धूळ थापून परत येतात.

आणि आधीच डाग पडले असतील तर? पांढरा व्हिनेगर आणि तेवढंच शुद्ध पाणी एकत्र करा, फडकं भिजवून डागावर मिनिटभर ठेवा, मग साध्या पाण्यानं लगेच धुवा. व्हिनेगरमधलं आम्ल डागातल्या कॅल्शियम कार्बोनेटला खातं. गाडी गार हवी, आणि ॲल्युमिनियमच्या चाकांवर हे नेऊ नका. डाग हलला नाही, तर तो कॅल्शियमचा नाही, सिलिकेचा असेल, किंवा ठसा खोल गेला असेल. घासून आणखी बिघडवू नका.

आमच्याकडे पहाटे गाड्या पुसायला एक मुलगा येतो. एकच बादली, एकच फडकं, पंधरा गाड्या. मी त्याला एसीच्या पाण्याचा कॅन आणि लवेचं फडकं दिलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “बाई, हे फडकं पाणीच पीत नाय.” मी बघितलं, तर त्यानं घरी नेऊन कपड्यांबरोबर धुतलं होतं, सुगंधी सॉफ्टनर घालून. त्यानं धाग्यांवर थर बसतो आणि फडकं पाणी उचलेनासं होतं, म्हणून ते साध्या साबणात वेगळं धुवायचं, हे सांगायचं मीच विसरले होते. ते फडकं आता स्वयंपाकघरात ओटा पुसतं. त्याच्यासाठी नवीन आणलंय.

नमस्कार.