अकरा वाजून दहा मिनिटं

(दृश्य: दवाखान्यातलं टेबल. कोरा कागद, पेन्सिल.)

"काकू, एक गोल काढा. त्यात घड्याळाचे आकडे भरा आणि काटे लावा, अकरा वाजून दहा मिनिटं."

काकू सत्तरीच्या पुढच्या, नागपूरच्या महाल भागातून मुलासोबत आलेल्या. गोल काढतात, बारा लिहितात आणि पेन्सिल खाली ठेवतात. "काहून विचारून राहिले डॉक्टरसाहेब? मले नाही जमत आता काही."

मुलाची तक्रार वेगळी. आई विसरते. दूध उतू जातं, भाजीवाल्याला दोनदा पैसे दिले जातात. त्याच्या डोक्यात डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, हा एकच शब्द बसलाय. डॉक्टर मात्र त्या 'नाही जमत'पाशी थांबलेत. डिमेन्शियाचा रुग्ण बरेचदा प्रयत्न करतो, चुकीचं उत्तरही ठामपणे देतो, विसर झाकायला बघतो. नैराश्यातला माणूस आधीच हात टेकतो आणि आपल्या विसराळूपणाचं गाऱ्हाणं स्वतःच मांडतो. हा पक्का नियम नाही. दोन्ही आजार एकत्र असले की भल्याभल्यांचा गोंधळ उडतो.

आणि म्हातारपणचं नैराश्य दरवेळी रडत येत नाही. अंग दुखतं, जेवण जात नाही, पहाटे तीनला डोळे उघडतात ते उघडतातच. भजनी मंडळ सुटतं, बडकस चौकापर्यंतची फेरी सुटते. पोरं पुण्या-बंगळुरूला, आणि घरी फोनवर एकच वाक्य: वय झालं आता.

(दृश्य: मेंदूचं रेखाचित्र.)

ताण आला की मेंदूतून पिट्युटरी ग्रंथीमार्फत निरोप सुटतो आणि मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक सोडतात. हा काही शत्रू नव्हे. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात तो चढतो, दिवसभर उतरत जातो आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतो. नव्या आठवणी पक्क्या करणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, या संप्रेरकाला फार संवेदनशील. 1968 साली संशोधक ब्रूस मॅकइवेन यांनी उंदरांच्या मेंदूत ते दाखवलं. कॉर्टिसोलला 'आता पुरे' सांगण्यातही याच भागाचा हात असतो. वय आणि लांबलेलं नैराश्य यांनी तो ब्रेक ढिला पडू शकतो. मग रात्री जे उतरायला हवं, ते उतरत नाही.

1998 च्या एका अभ्यासात सोनिया लुपियन आणि सहकाऱ्यांनी वयस्क माणसांचं कॉर्टिसोल काही वर्षं मोजलं. ज्यांचं सतत चढत गेलं, त्यांचा हिप्पोकॅम्पस सरासरी 14 टक्के लहान आढळला, स्मरणाच्या चाचण्यांतही ते मागे पडले. माणसं अगदी मोजकी होती, तेव्हा हा आकडा छातीठोकपणे सांगत फिरू नये. नैराश्यातल्या प्रत्येकाचं कॉर्टिसोल वाढलेलं नसतं. शिवाय उतारवयात पहिल्यांदाच आलेलं नैराश्य ही कधी कधी डिमेन्शियाचीच चाहूल असते. कोण कारण आणि कोण परिणाम, हा वाद मिटलेला नाही.

(दृश्य: कापसाची छोटी गुंडाळी, प्लास्टिकची नळी.)

संशोधनात कॉर्टिसोल असं मोजतात: ही गुंडाळी मिनिट-दोन मिनिटं तोंडात धरायची, लाळ शोषली की नळीत बंद. सकाळी एकदा, रात्री झोपताना एकदा. पण म्हणून उद्याच लॅबमध्ये धावायचं कारण नाही. काकूंना त्याहून उपयोगी पडतात नैराश्य हेरणारे 'हो-नाही'चे पंधरा प्रश्न, बी-12 आणि थायरॉइडची तपासणी, आणि घरातली गोळ्यांची पिशवी टेबलावर उलटी करणं. झोपेच्या काही गोळ्या आणि नैराश्यावरची काही जुनी औषधंसुद्धा स्मरण मंद करतात. अशी गोळी मेडिकलवाल्याकडून वर्षानुवर्षं परस्पर आणली जाते, हे या गोष्टीतलं सगळ्यात चीड आणणारं पान.

(दृश्य: पहाट, अंबाझरी तलावाची पाळ.)

2011 च्या एका अमेरिकी प्रयोगात 120 वयस्क माणसं होती. अर्धी वर्षभर आठवड्यातून तीनदा 40 मिनिटं झपझप चालली. त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे 2 टक्क्यांनी वाढला. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा थोडा आक्रसला. नागपूरच्या मे महिन्यात हे साडेपाचलाच उरकावं लागतं, सातनंतर ऊन चालू देत नाही.

औषधाचा गुण दिसायला काही आठवडे जातात, या वयात जरा जास्तच. मन आधी सावरतं, स्मरण मागून येतं, आणि काहींचं पूर्ण येतही नाही. म्हणून घड्याळाचा तोच कागद काही महिन्यांनी पुन्हा समोर ठेवतात. घरात असं कुणी असेल, तर 14416 या 'टेलिमानस' क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. पैसे लागत नाहीत.