कंपवाताची गोळी आणि घड्याळाचा काटा

नमस्कार, श्रोतेहो.

हात कापतो म्हणून कुणी दवाखान्यात आलं, की आधी एवढंच बघायचं असतं: हात कापतो कधी? चहाचा कप तोंडाशी नेताना, सही करताना किंवा सुईत दोरा ओवताना कापत असेल, तर तो बहुतेक वेळा कंपवात, म्हणजे पार्किन्सन, नसतो. कंपवाताचा कंप येतो तो हात मांडीवर स्वस्थ पडलेला असताना. सेकंदाला चार ते सहा वेळा, अंगठा आणि तर्जनीत काहीतरी वळत बसल्यासारखा, आणि सुरुवातीला एकाच बाजूला. हातानं काही उचलायला गेलं की तो ओसरतो. काहींना तर कंप येतच नाही. त्यांची नुसती हालचाल मंदावते. शर्टाचं बटण लावायला वेळ लागतो, चालताना एक हात झुलत नाही, लिहिताना ओळीच्या शेवटी अक्षर बारीक होत जातं. खांदा धरला म्हणून महिनोन्‌महिने शेक घेतला जातो आणि निदान होतं कंपवाताचं, हेही विरळ नाही. घरचे म्हणतात, 'वय झालं आता.' वयामुळे माणूस दोन्ही बाजूंनी सारखाच मंदावतो. एकच बाजू मागे पडायला लागली, तर तपासून घ्या.

मेंदूच्या तळाशी सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा एक काळसर भाग असतो. तिथल्या पेशी डोपामिन बनवतात आणि हालचाल सुरळीत ठेवतात. त्या पेशी झिजतात, तो हा आजार. हाताची लक्षणं दिसेपर्यंत साधारण निम्म्या किंवा त्याहूनही जास्त पेशी गेलेल्या असतात. साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मल येतो. तो काढतात ते दुसरं काही नाही ना, हे बघण्यासाठी. निदान होतं डॉक्टरांच्या डोळ्यांनी आणि हातांनी.

पण कंपवाताचं नाव देण्याआधी घरातली औषधांची पिशवी टेबलावर ओतायला हवी. हे काम फार वेळा राहून जातं. पित्तासाठी सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्रॅझोल किंवा रॅबेप्रॅझोलच्या जोडीला लेव्होसल्पिराइड असतं का, ते पाकिटावर वाचा. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, चक्करेवरचं सिनारिझिन, अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिन ही औषधं मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवतात आणि हुबेहूब कंपवातासारखं चित्र उभं करतात. आधीच कंपवात असेल, तर तो चिघळतो. औषध थांबवल्यावर सुधारायला काही आठवडे ते काही महिने लागतात. पित्ताची कॅप्सूल दोन-दोन वर्षं स्वतःच्या मनानं आणून खाणाऱ्यांनी हे खास ऐकावं. मानसिक आजारावरची काही औषधंही असंच करतात, पण ती आपल्या मनानं बंद करायची नाहीत. लिहून देणाऱ्या डॉक्टरांशीच बोलायचं.

आता मुख्य औषध, लेव्होडोपा. व्हिएन्नात १९६१ मध्ये ते रुग्णांना शिरेतून दिलं गेलं. १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी ते तोंडावाटे, हळूहळू वाढवत मोठ्या प्रमाणात द्यायची रीत दाखवली. त्यानंतर कितीतरी औषधं आली, पण याच्या तोडीचं एकही नाही. आपल्याकडे खाजकुहिलीच्या बियांत हेच द्रव्य निसर्गतः असतं आणि त्याची पावडर सर्रास मिळते. अडचण ही, की चमच्यात नेमकं किती आलं हे कळत नाही. गोळी चालू असताना वर पावडर घेतली, की डोस नकळत वाढतो आणि अंग वेडंवाकडं हलायला लागतं. घेतच असाल, तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका.

नुसतं लेव्होडोपा पोटात गेलं, तर मेंदूत पोचण्याआधीच त्यातल्या बऱ्याचशा भागाचं डोपामिन बनतं, आणि मळमळ, उलटी होते. ते अडवायला गोळीत कार्बिडोपा घालतात. त्याचं दिवसाचं प्रमाण ७० ते १०० मिलिग्रॅम लागतं. ज्या गोळीला दुकानात '११०' म्हणतात, तिच्यात १०० लेव्होडोपा आणि फक्त १० कार्बिडोपा असतं. '१२५' मध्ये १०० आणि २५. दिवसाला तीन '११०' घेतल्या, तर कार्बिडोपा भरतं अवघं ३० मिलिग्रॅम. मग मळमळतं, 'गोळी मानवली नाही' म्हणून माणूस ती सोडतो. खरं तर '१२५' वर बदलून बरेचदा प्रश्न मिटतो. बदल डॉक्टरांनीच करायचा, पण विचारायला हरकत नाही.

गोळीबद्दल एक भीतीही असते: गोळी लवकर सुरू केली तर तिची ताकद लवकर संपेल. ही भीती नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर तपासली गेली आणि निष्कर्ष २०१९ मध्ये आले. निम्म्यांना लगेच गोळी दिली, निम्म्यांना ४० आठवडे उशिरानं. ८० आठवड्यांनी दोन्ही गटांची अवस्था सारखीच होती. लवकर घेतल्यानं नुकसान झालं नाही, आणि आजारही थांबला नाही. मग कामं अडत असताना गोळी लांबवून हाती काय लागतं?

काही वर्षांनी मात्र नवी अडचण येते. लेव्होडोपा रक्तात दीड तासाच्या आसपास निम्मं होतं. सुरुवातीला उरलेल्या पेशी डोपामिन साठवून पुरवून वापरतात, म्हणून तीन गोळ्यांत दिवस निघतो. पेशी कमी झाल्या की हा साठा राहत नाही, आणि गोळीचा असर चार तासांत, पुढे तीन तासांत उतरतो. असर उतरला की पाय जड, आवाज बारीक, चेहरा ताठ. इथून पुढे घड्याळ सांभाळावं लागतं. समजा डॉक्टरांनी चार डोस दिलेत: सकाळी साडेसहा, साडेदहा, दुपारी अडीच, संध्याकाळी साडेसहा. तर नाश्ता साडेसातला, जेवण साडेबाराला, रात्रीचं साडेसातला. म्हणजे प्रत्येक गोळी जेवणाच्या निदान अर्धा तास आधी किंवा एक तास नंतर पडते. कारण असं, की आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरायला लेव्होडोपा ज्या वाटेनं जातं, त्याच वाटेनं प्रथिनं पचून झालेली अमिनो आम्लंही जातात. मटकीची उसळ किंवा अंडी खाल्ल्याबरोबर गोळी घेतली, तर गोळी मागे राहते. प्रथिनं सोडायची नाहीत, नाहीतर स्नायू गळतात. फार चढउतार होत असतील, तर त्यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात घ्यावा. लोहाच्या गोळीत आणि हिच्यात दोन तासांचं अंतर हवं. हळूहळू विरघळणारी सीआर गोळी कुटायची किंवा चावायची नाही. एकादशी असली तरी गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच. खिचडीतल्या शेंगदाण्याच्या कुटातही प्रथिनं असतात, हेही ध्यानात असू द्या.

संशोधनाचं काय? आशा आणि गडबड दोन्ही इथेच आहे. १९९७ मध्ये कळलं, की मरणाऱ्या पेशींत साचणाऱ्या गुठळ्यांत अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन असतं. आता पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्यात हे बिघडलेलं प्रथिन पकडणारी चाचणी आली आहे. २०२३ मध्ये हजाराहून जास्त लोकांवरच्या अभ्यासात तिनं कंपवाताच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांना बरोबर ओळखलं. वास जाणं, जुनं बद्धकोष्ठ, झोपेत स्वप्नासरशी लाथा झाडणं ही चिन्हं हाताच्या कंपाच्या कित्येक वर्षं आधी दिसू शकतात. त्या टप्प्यावर आजार पकडता आला, तर थांबवणारी औषधं तपासता येतील, हा या चाचणीचा खरा उपयोग. वास येत नाही म्हणून उद्या कुणी मणक्यात सुई घालून घेण्याची गरज नाही.

आजाराची गती कमी करणारं सिद्ध औषध आज नाही. मधुमेहाच्या इंजेक्शनांनी मोठी उमेद दिली होती. २०२४ मध्ये लिक्सिसेनाटाइडच्या १५६ रुग्णांवरच्या चाचणीत वर्षभरात थोडा फायदा दिसला, मळमळ मात्र जवळपास निम्म्यांना झाली. २०२५ मध्ये त्याच कुळातल्या एक्झेनाटाइडची मोठी, ९६ आठवड्यांची चाचणी आली आणि काहीच फायदा निघाला नाही. वर्तमानपत्रात पहिली बातमी ठळक छापून येते, दुसरी सहसा येत नाही.

स्टेम सेलचंही, म्हणजे मूळ पेशींचंही, तसंच. २०२५ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या १२ आणि जपानमधल्या ७ रुग्णांच्या मेंदूत प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी बसवल्याचे निष्कर्ष आले. पेशी टिकल्या, गंभीर इजा झाली नाही. एवढंच ते सांगतात. भारतात या आजारासाठी स्टेम सेलचा वापर फक्त नोंदणी झालेल्या चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घेत नाहीत. लाखाचं पॅकेज सांगणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारा.

आज हातात असलेला मोठा उपाय म्हणजे डीबीएस, डीप ब्रेन स्टिम्युलेशन. मेंदूत खोलवर बारीक तार, छातीच्या कातडीखाली बॅटरी, आणि सेकंदाला साधारण १३० विजेचे ठोके. निवड चुकली तर खर्चही जातो आणि उमेदही. रात्रभर गोळी थांबवून सकाळी तपासतात, मग मोठा डोस देऊन पुन्हा तपासतात, आणि हालचालीत निदान ३० टक्के फरक पडायला हवा. गोळीनं जे सुधारत नाही, म्हणजे तोल, बोलणं, विसरभोळेपणा, ते तारेनंही सुधारत नाही. याला अपवाद कंपाचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मेंदूचे संकेत वाचून स्वतःच जोर कमी-जास्त करणाऱ्या यंत्रणेला मान्यता मिळाली, ही अलीकडची पायरी.

व्यायामावर मी जास्त भर देईन. २०१८ च्या एका चाचणीत १२८ रुग्ण होते. आठवड्यातून तीन-चार दिवस ट्रेडमिलवर, हृदयाच्या कमाल गतीच्या ८० ते ८५ टक्के दमछाक करणाऱ्यांची हालचाल सहा महिन्यांत फारशी ढासळली नाही. कृष्णाकाठी गप्पा मारत फेरी मारणं चांगलंच, पण त्यात एवढा दम लागत नाही. आधी हृदय तपासून घ्या. उंबरठ्याशी पाय चिकटले, तर मागून ढकलू नका, हात धरून ओढू नका. थांबायचं, वजन एका पायावर घ्यायचं, 'एक-दोन' म्हणून दुसरा पाय उंच उचलायचा. फरशीवर पावलाच्या अंतरानं आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवल्या, तर पुष्कळांना त्या ओलांडत चालता येतं.

मिरज-तासगावच्या द्राक्षबागायतदारांना एक सांगायचं आहे. पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनॉन हे कीटकनाशक वापरलेल्यांत कंपवात सुमारे अडीच पट दिसला, असं अमेरिकेतल्या २०११ च्या अभ्यासात आढळलं. युरोपीय संघात पॅराक्वाटवर २००७ पासून बंदी आहे, आपल्याकडे ते २४ टक्क्यांच्या द्रावणात मिळतं. फ्रान्सनं २०१२ मध्ये फवारणीशी जोडलेला कंपवात शेतकऱ्यांचा व्यावसायिक आजार मानला. सगळ्यात धोका असतो बाटलीतून पंपात ओतताना, कारण तेव्हा ते घट्ट असतं. रबरी हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्या त्या दोन मिनिटांत तरी हव्यातच. बांधावरचं तण खुरप्यानं निघत असेल, तर उत्तम.

शेवटी, रुग्ण मोतीबिंदूसाठी किंवा खुब्याच्या हाडासाठी दवाखान्यात भरती होतो तेव्हा. वॉर्डमधल्या गोळ्या वॉर्डच्या वेळेला मिळतात, आणि साडेदहाची गोळी दीडला येते. गोळी अचानक बंद पडली, तर ताप, ताठरपणा आणि भान हरपणं इथवर जाऊ शकतं. गोळ्यांच्या वेळा मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भरती होतानाच सिस्टरकडे द्या, एक प्रत पलंगाशी लावा, आणि खाली लिहा: उलटी झाल्यास मेटोक्लोप्रमाइड देऊ नये. ओपीडीला येताना तीन दिवसांची नोंद आणा: कोणत्या वेळी गोळी, कधी असर चढला, कधी उतरला, अंग वेडंवाकडं हललं ते कधी. मोबाइलवर एक मिनिटाचा चालतानाचा व्हिडिओ असर असतानाचा आणि एक नसतानाचा. बीपी आडवं असताना आणि उभं राहून तीन मिनिटांनी असं दोन्ही मोजून लिहा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं घसरत असेल, तर ते आधी सांगा.

नमस्कार.